हात हवे होते, मत नको होतं

दुसऱ्या महायुद्धाच्या काळातलं अमेरिकी कुमारवय म्हटलं की दोन चित्रं हटकून पुढे येतात. एकात शाळकरी पोरगा छोट्या हातगाडीतून जुने टायर आणि पिचकी भांडी ओढत भंगाराच्या ढिगाकडे निघालेला असतो. दुसऱ्यात आखूड पांढरे मोजे घातलेल्या मुली न्यू यॉर्कच्या पॅरामाउंट थिएटरात फ्रँक सिनात्रासाठी किंचाळत असतात. पहिलं चित्र देशभक्तीच्या कहाण्यांनी जपलं, दुसरं करमणुकीच्या इतिहासाने. अभ्यासकांचीही साधारण अशीच वाटणी झालेली दिसते. विल्यम टटल यांच्या ‘डॅडीज गॉन टू वॉर’ (१९९३) या ग्रंथात मुलांच्या आठवणीतलं युद्ध आहे: दूर गेलेले वडील, कामावर जाणारी आई, रेशन, रात्रीची भीती. ग्रेस पॅलडिनो (१९९६) आणि जॉन सॅव्हेज (२००७) यांना त्याच वर्षांत टीनएजर नावाच्या नव्या ग्राहकाची घडण दिसते. सॅव्हेज यांचं पुस्तक तर १९४५ पाशीच थांबतं. दोन्ही प्रकारचं लेखन मोलाचं आहे, पण दोहोंच्या मधली एक मोठी जागा त्यात पुरेशी उजळत नाही. ती जागा मजुरीची. चौदा ते सतरा वयाच्या मुलामुलींना युद्धाने आधी कामगार केलं. मग त्यांच्या हाती आलेल्या पैशाची आणि मोकळिकीची मोठ्यांना धास्ती वाटली. आणि त्या धास्तीपोटी त्यांना पुन्हा शाळेकडे आणि दुकानाकडे वळवण्यात आलं. त्यांच्याकडून जबाबदारी घेतली नागरिकाची, मोबदला दिला ग्राहकाचा, आणि तोही कातडीचा रंग पाहून. उपलब्ध पुराव्यांतून मला या काळाचा अर्थ असा लागतो.

हे नीट समजायला दहा वर्षं मागे जावं लागतं. १९३० मध्ये अमेरिकेतली या वयाची जेमतेम निम्मी मुलं हायस्कुलात होती. १९४० पर्यंत हे प्रमाण तीन-चतुर्थांशाच्या जवळ पोचलं. ही वाढ शिक्षणप्रेमातून झाली असं मानण्याचा मोह होतो, पण तिचं मुख्य कारण महामंदी होतं. बापालाच काम नसताना पोराला कोण ठेवणार? बेकार प्रौढांच्या रांगेत पोरांची भर नको म्हणून ती वर्गात बसलेली सगळ्यांनाच सोयीची होती. १९३५ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल यूथ अ‍ॅडमिनिस्ट्रेशनने गरजू विद्यार्थ्यांना अर्धवेळ काम देऊन शाळेत टिकवलं. १९३८ च्या फेअर लेबर स्टँडर्ड्स कायद्याने आंतरराज्य व्यापारासाठी माल बनवणाऱ्या कारखान्यांत सोळा वर्षांखालच्या मुलांना आणि धोक्याच्या कामांवर अठरा वर्षांखालच्यांना बंदी केली. शेतीला मात्र त्यातून बरीचशी मोकळीक होती, आणि बालमजुरी सर्वांत जास्त तिथेच होती. थोडक्यात, वर्गातलं कुमारवय ही रीत होऊन जेमतेम काही वर्षं झाली होती. तिच्यामागे सुधारकांची दीर्घ लढाई होती हे खरं, पण तिला बळ मिळालं ते बेकारीचं. बेकारी सरताच त्या रीतीचं काय होतं, याची परीक्षा डिसेंबर १९४१ मध्ये अमेरिका युद्धात उतरल्यानंतर झाली.

परीक्षेचा निकाल आकड्यांत स्पष्ट दिसतो. १९४० च्या सुमारास सार्वजनिक हायस्कुलांत ६६ लाख मुलं होती. १९४३-४४ च्या शालेय वर्षात ती ५६ लाखांच्याही खाली आली. उलट बाजूने, १९४० च्या जनगणनेत चौदा ते सतरा वयाची साधारण नऊ लाख मुलं कामावर होती. १९४४ च्या वसंतात हा आकडा ३० लाखांच्या घरात गेला होता, आणि त्यातली साधारण निम्मी शाळा सांभाळून काम करत होती. १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात जन्मदर घटल्यामुळे या वयाची मुलंच थोडी कमी झाली होती आणि सतरा-अठराची मुलं सैन्यात जात होती, हे गृहीत धरूनही एवढी घट त्यातून उलगडत नाही. राज्यांनी कामाच्या तासांचे आणि रात्रपाळीचे नियम सैल केले. सरकारी कंत्राटांवर चालणाऱ्या कारखान्यांत मुलींसाठी किमान वय अठरा होतं. तिथे सोळाव्या वर्षापासून घेण्याची सवलत मिळाली. काही शहरांत चार तास शाळा आणि चार तास कारखाना अशी अधिकृत विभागणी आली. विमान कारखान्यांतल्या या मुलांची छायाचित्रं मासिकांत झळकली. पण या वयाच्या कामगारांपैकी फार थोड्यांच्या वाट्याला विमानं आली. बहुतेक जण किराणा दुकानं, हॉटेलांचे मुदपाकखाने, धुलाईकेंद्रं इथे होते, नाहीतर मध्यरात्रीपर्यंत बोलिंगच्या अड्ड्यांवर खाली पडलेल्या पिना पुन्हा उभ्या करत होते. मोठी माणसं चांगल्या पगारावर युद्धकामाला गेल्यामुळे रिकाम्या झालेल्या, कमी पगाराच्या, कायद्याची नजर न पोचणाऱ्या जागा त्यांनी भरल्या. केंद्र सरकारच्या चिल्ड्रन्स ब्युरोच्या प्रमुख कॅथरिन लेनरूट यांनी नियम सैल करण्याला सतत विरोध केला. युद्धाच्या घाईत त्यांचं म्हणणं पुरतं कोणी फेटाळलंही नाही आणि पाळलंही नाही.

यावर एक आक्षेप रास्त आहे: या मुलांना कोणी बळजबरीने कामाला जुंपलं नव्हतं. ती आपखुशीने गेली, पगार हातात आला की खूश होती, घराला हातभार लावत होती. हे खरं आहे, आणि त्याला भक्कम आधारही आहे. ग्लेन एल्डर यांनी १९७४ मध्ये ‘चिल्ड्रन ऑफ द ग्रेट डिप्रेशन’मध्ये ओकलंडच्या १९२०-२१ साली जन्मलेल्या मुलांचा अभ्यास मांडला. तंगीच्या दिवसांत घरासाठी कामं केलेली ही मुलं पुढे खचली नाहीत. कित्येकांना त्या जबाबदारीने लवकर शहाणपण दिलं. काम म्हणजे मुलांचं नुकसानच, हे गृहीतक एल्डरनंतर टिकत नाही. पण त्यांच्याच पुढच्या कामात, बर्कलीच्या १९२८-२९ च्या मुलांशी तुलना करताना, वयाचा आणि परिस्थितीचा फरक किती निर्णायक ठरतो तेही दिसतं: मंदी आली तेव्हा अगदी लहान असलेल्या मुलग्यांना तिची झळ जास्त बसली. त्यामुळे काम चांगलं की वाईट, हा माझ्या मते चुकीचा प्रश्न आहे. मुलांनी आपखुशीने काम पत्करलं असेल तर त्या खुशीला राज्यसंस्थेने किती मान दिला, हे पाहायला हवं. कामगार म्हणून ज्यांच्यावर भिस्त ठेवली, त्यांना कामगाराचं संरक्षण आणि प्रतिष्ठा दिली का? तशी ती मिळालेली दिसत नाही.

शाळेत काय चाललं होतं? तिथे देशसेवेचं वेळापत्रक आखलं गेलं होतं. १९४२ च्या सुरुवातीला नौदलाने शत्रूची आणि मित्रांची विमानं ओळखण्याच्या प्रशिक्षणासाठी पाच लाख लाकडी प्रतिकृती मागितल्या आणि सुतारकामाच्या वर्गांतल्या मुलांनी मोजमाप सांभाळून त्या तासायला घेतल्या. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये हायस्कूल व्हिक्टरी कोअर सुरू झाली: कवायत, गणित-विज्ञानावर जोर, युद्धकामाची पूर्वतयारी. दहा आणि पंचवीस सेंटची बचत तिकिटं वर्गात विकली जात. पंचवीस सेंटची पंच्याहत्तर तिकिटं वहीत चिकटली की पावणेएकोणीस डॉलर भरत, आणि त्यांचा दहा वर्षांनी पंचवीस डॉलर देणारा रोखा मिळे. व्हिक्टरी फार्म व्हॉलंटिअर्स या नावाखाली लाखो शहरी मुलं उन्हाळ्यात पिकं काढायला गेली. जावा बेट जपानच्या हाती गेल्यावर जीवरक्षक जाकिटांत भरायचा सावरीचा कापूस येईनासा झाला. मग १९४४ मध्ये मुलांनी रानोमाळ हिंडून मिल्कवीडच्या, म्हणजे आपल्या रुईच्याच कुळातल्या झुडपाच्या शेंगा गोण्या भरभरून आणल्या. दोन गोण्यांत एका माणसाचा जीव वाचतो, असा हिशेब त्यांना सांगितला होता.

या सगळ्यातलं किती खरोखर उपयोगी पडलं, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. मिल्कवीडचा उपयोग झाला, परसबागांचा तर भरपूर झाला. उलट १९४१ च्या उन्हाळ्यात जमवलेली अ‍ॅल्युमिनियमची भांडी विमानाच्या धातूच्या प्रतीची नव्हती, आणि १९४२ च्या जूनमधल्या रबर मोहिमेत गोळा झालेल्या ढिगाचा बराच भाग कामाचा नव्हता. म्हणून काही लेखक ही सारी मोहीम मनोबलाचा देखावा म्हणून निकालात काढतात. मला ते पटत नाही. आपण कोणाच्या तरी उपयोगी आहोत ही भावना त्या मुलांना इतर कोणत्याही मार्गाने मिळाली नसती, आणि पुढे आयुष्यभर त्यांनी ती उराशी धरली. टटल यांना आलेल्या दोन हजारांहून अधिक पत्रांमध्ये ती पानोपानी सापडते. मात्र ती भावना कोणत्या चौकटीत बसवली होती, ते विसरू नये. भंगार, तिकिटं आणि शेंगा ही विनावेतन, शिक्षकांच्या देखरेखीखालची, टाळ्या मिळवणारी कामं होती. तोच मुलगा रात्री अकराला बोलिंगच्या अड्ड्यावरून पगार घेऊन बाहेर पडला की समाजाचा त्याच्याकडे पाहण्याचा सूर बदलत असे.

हा बदललेला सूर म्हणजे बालगुन्हेगारीची ओरड. १९४३ मध्ये तिने टोक गाठलं. एफबीआयचे प्रमुख जे. एडगर हूव्हर यांनी लेखांतून धोक्याची घंटा वाजवली, सिनेटर क्लॉड पेपर यांच्या उपसमितीने वर्षअखेर सुनावण्या घेतल्या, चित्रपटगृहांत ‘व्हेअर आर युअर चिल्ड्रन?’ लागला, गावोगाव संचारबंदीचे हुकूम निघाले. गुन्हे वाढले होते का? बालन्यायालयांपुढची प्रकरणं १९४३ मध्ये वाढली, हे नाकारता येत नाही. दीड कोटीहून अधिक नागरिक युद्धकाळात आपला जिल्हा सोडून दुसरीकडे गेले होते. मिशिगनमधल्या विलो रनच्या बॉम्बर कारखान्याभोवती कुटुंबं ट्रेलरांत राहत होती, अलाबामातल्या मोबीलच्या शाळा पाळ्यांत भरत होत्या. एवढी उलथापालथ असताना काहीच बिघडलं नसतं तरच नवल. पण एफबीआयचे वयवार आकडे बोटांच्या ठशांच्या कार्डांवरून काढलेले होते. जिथे मुलांचे ठसे घेत नसत तिथली मुलं त्यांत नव्हती, आणि जिथे नव्याने घेऊ लागले तिथे गुन्हेगारी एका वर्षात उसळलेली दिसे. शिवाय संचारबंदी लावली की ती मोडणारा आपोआप गुन्हेगार ठरतो. या आकड्यांवर अख्ख्या पिढीचा निवाडा करणं तेव्हाही घाईचं होतं आणि आजही घाईचंच आहे.

त्यातही मुलींच्या बाबतीत ओरडीचा रोख उघड होता. छावण्यांच्या आणि बसस्थानकांच्या आसपास सैनिकांच्या सोबतीने फिरणाऱ्या पंधरा-सोळाच्या मुलींना ‘व्हिक्टरी गर्ल्स’ म्हणत. शिकागोच्या टोळ्यांविरुद्धच्या मोहिमेमुळे नाव झालेले एलियट नेस हे युद्धकाळात सोशल प्रोटेक्शन डिव्हिजनचे प्रमुख होते. सैन्याला गुप्तरोगांपासून वाचवणं हे या विभागाचं काम. व्यवहारात त्याचा अर्थ असा झाला की संशयावरून मुलींना पकडून त्यांची तपासणी व्हायची आणि सोबतचा सैनिक पुढच्या गाडीने छावणीत परतायचा. वयाने तोही अनेकदा अठरा-एकोणीसचाच. एकाच वयाच्या दोन जीवांपैकी एक राष्ट्राचा रक्षक ठरला आणि दुसरी राष्ट्राच्या आरोग्याला धोका.

आणि गोऱ्या वस्तीपलीकडे पाहिलं तर ‘एकजूट झालेली पिढी’ हा शब्दप्रयोगच अडखळतो. लॉस एंजेलिसमध्ये ऑगस्ट १९४२ मध्ये स्लीपी लगून नावाच्या तळ्यापाशी होसे दियाझ हा तरुण मृत्युमुखी पडला. पोलिसांनी मेक्सिकन वंशाच्या शेकडो पोरांची धरपकड केली, बावीस जणांवर एकत्र खटला चालवला, आणि जानेवारी १९४३ मध्ये त्यांपैकी सतरा जणांना दोषी ठरवलं. शेरीफ कचेरीतल्या एडवर्ड ड्युरान आयर्स या अधिकाऱ्याने हिंसा या लोकांच्या रक्तातच आहे, अशा आशयाचा अहवाल ग्रँड ज्युरीपुढे मांडला होता. नाझी वंशवादाशी लढणाऱ्या देशातला हा सरकारी कागद! ऑक्टोबर १९४४ मध्ये अपील न्यायालयाने सगळ्या शिक्षा रद्द केल्या, पण तोवर जून १९४३ उलटून गेला होता. त्या महिन्यात खलाशी आणि सैनिक झुंडीने शहरात उतरले आणि लांब कोट, घेरदार विजार असा ‘झूट सूट’ घातलेल्या पोरांना सिनेमागृहांतून ओढून, कपडे फाडून मारलं. पोलिसांनी अटका केल्या त्या प्रामुख्याने मार खाणाऱ्यांच्या, आणि नगरपरिषदेने झूट सूट घालण्यावरच बंदी आणण्याचा ठराव केला. कापडाच्या टंचाईत असा पोशाख म्हणजे उधळपट्टी, हे तेव्हाचं समर्थन. लुइस अल्वारेझ यांनी २००८ च्या आपल्या पुस्तकात उलट बाजू मांडली आहे: ज्यांना माणूस म्हणून मान नव्हता त्यांनी तो अंगावरच्या कपड्यांतून मिळवायचा प्रयत्न केला. हे मला मान्य आहे, मात्र प्रत्येक कोटात बंड शोधायची गरज नाही. पोरांना नाचायला जाताना रुबाबदार दिसायचं होतं, हेही कारण पुरेसं आहे. हातात पगार आलेल्या गोऱ्या मुलीने मोजे नि स्वेटर घेतले तर ती फॅशन, आणि सावळ्या मुलाने कोट शिवला तर राष्ट्रद्रोह, एवढी विषमता नोंदवली तरी मुद्दा उभा राहतो.

जपानी वंशाच्या मुलांवर तर राज्यसंस्थेनेच कुंपण घातलं. फेब्रुवारी १९४२ च्या आदेशाने पश्चिम किनाऱ्यावरचे सुमारे एक लाख वीस हजार लोक छावण्यांत धाडले गेले. त्यांतले दोन-तृतीयांश जन्माने अमेरिकी नागरिक होते. मँझनार छावणीत अनाथाश्रमातली मुलंसुद्धा आणून ठेवली होती. त्यांच्यापासून लष्कराला कोणता धोका होता ते कोणी सांगितलं नाही. छावण्यांत हायस्कुलं होती, बेसबॉल होता, नाचाचे बँड होते, पदवीदान समारंभ होते. काटेरी तारेच्या आत रोज सकाळी झेंड्याला वंदन करून नागरिकशास्त्राचा तास सुरू व्हायचा. १९४३ च्या सुरुवातीला सतरा आणि त्यावरच्या सर्वांपुढे निष्ठेची प्रश्नावली ठेवण्यात आली: सैन्यात लढायला तयार आहेस का, जपानच्या सम्राटावरची निष्ठा नाकारतोस का. जी निष्ठा कधी नव्हतीच ती नाकारायची कशी, या पेचाने घरंच्या घरं दुभंगली. १९४४ मध्ये या तरुणांना सक्तीची भरती लागू झाल्यावर वायोमिंगमधल्या हार्ट माउंटन छावणीतले अनेक जण आधी नागरिकत्वाचे हक्क द्या म्हणाले. त्यांपैकी ६३ जणांवर एकत्र खटला होऊन त्यांना तुरुंगवास झाला. याच छावण्यांतून भरती झालेले अनेक तरुण ४४२ व्या रेजिमेंटमध्ये लढले. दोन्ही वाटा धरणारे एकाच वर्गात बसलेले असू शकत. कृष्णवर्णीयांच्या बाबतीत ‘पिट्सबर्ग कुरिअर’ या वृत्तपत्राने १९४२ मध्ये सुरू केलेल्या दुहेरी विजयाच्या मोहिमेने हाच प्रश्न उघड विचारला: बाहेरच्या फॅसिझमवर विजय हवा तर घरातल्यावर का नको? जून १९४३ च्या डेट्रॉइट दंगलीत ३४ माणसं मेली, त्यांत २५ कृष्णवर्णीय. या घटनांना ‘अपवाद’ म्हणून तळटीपेत ढकलणारा इतिहास मला अपुरा वाटतो. हातांची गरज सगळ्यांची आणि विश्वास काहींवरच, ही त्या काळाची एकूण रीत इथे सर्वांत स्वच्छ दिसते.

धास्तीवर उपायही निघाले. चिल्ड्रन्स ब्युरो आणि शिक्षण कार्यालय यांनी शाळेकडे परत चला अशी देशव्यापी मोहीम चालवली. गावोगाव टीन कँटीन उघडली: ज्यूकबॉक्स, कोकाकोला, नाचायला फरशी, आणि कोपऱ्यात लक्ष ठेवायला कोणीतरी मोठं माणूस. सप्टेंबर १९४४ मध्ये हेलन व्हॅलेंटाइन यांच्या संपादनाखाली ‘सेव्हन्टीन’ मासिक निघालं. मासिकाने लगेच ‘टीना’ नावाची नमुना-वाचक कल्पून तिच्या खर्चाच्या सवयी जाहिरातदारांपुढे ठेवल्या. त्या ऑक्टोबरमध्ये पॅरामाउंटबाहेर सिनात्रासाठी हजारोंची झुंड जमली. जानेवारी १९४५ मध्ये ‘न्यू यॉर्क टाइम्स’च्या पुरवणीत किशोरांच्या दहा हक्कांची सनद छापून आली. नियम समजावून घेण्याचा हक्क, चुका करण्याचा हक्क, मजेचा आणि सोबतीचा हक्क. मताधिकाराचं कलम त्या दहांत नव्हतं.

इथे केली श्रम यांचा आक्षेप येतो. ‘सम वोअर बॉबी सॉक्स’ (२००४) मध्ये त्या दाखवतात की हायस्कूलच्या मुलींची कपडे-संगीत-सौंदर्यप्रसाधनांची संस्कृती १९२० पासून घडत आली होती. युद्धाने किंवा ‘सेव्हन्टीन’ने ती शून्यातून निर्माण केली नाही. हे मान्य करूनच माझा मुद्दा पुढे जातो. आवड आधीपासून होती. युद्धाने तीत दोन गोष्टी घातल्या: स्वतः कमावलेला पैसा, आणि त्या पैशाने येणाऱ्या स्वातंत्र्याला निरुपद्रवी वळण देण्याची मोठ्यांची घाई. ती वाट बाजाराची निघाली, कारण दुसऱ्या सगळ्या वाटा अवघड होत्या. कामगार म्हणून हक्क द्यावेत तर परतणाऱ्या सैनिकांच्या नोकऱ्यांचा प्रश्न उभा राहणार. नागरिक म्हणून द्यावेत तर दक्षिणेतल्या राज्यांची सगळी घडी हलणार. ग्राहक म्हणून मान द्यायला मात्र कोणाचीच हरकत नव्हती. कोणी कट करून हे घडवलं असं मुळीच नाही. शाळेत परत जाणं बहुतेक मुलांच्या हिताचंच होतं, आणि युद्धानंतर पाच-सहा वर्षांत हायस्कूल पुरं करणाऱ्यांचं प्रमाण युद्धापूर्वीच्याही वर गेलं. पण हिताच्या गोष्टीबरोबर काय वजा झालं, त्याचाही हिशेब मांडायला हवा.

त्या हिशेबातली सर्वांत ठळक नोंद मताधिकाराची आहे. नोव्हेंबर १९४२ मध्ये सक्तीच्या भरतीचं वय अठरावर आणलं गेलं. मतदानाचं वय एकवीसच राहिलं. टेक्सासचा कॅल्व्हिन ग्रॅहॅम बाराव्या वर्षी वय खोटं सांगून नौदलात शिरला, ग्वादलकनालच्या समुद्रात जखमी झाला, आणि खरं वय कळल्यावर त्याच्या सेवेची नोंद आणि पदकं काढून घेतली गेली. सन्मानाने सेवामुक्तीचा दाखला त्याला १९७८ मध्ये मिळाला. हे उदाहरण टोकाचं आहे, पण रीत तीच: रक्त चाललं, वय चाललं नाही. वेस्ट व्हर्जिनियाचे जेनिंग्ज रँडॉल्फ यांनी १९४२ मध्येच अठराव्या वर्षी मत देण्याची घटनादुरुस्ती काँग्रेसपुढे ठेवली आणि पुढे पुन्हा पुन्हा मांडत राहिले. युद्धकाळात एकट्या जॉर्जियाने, गव्हर्नर एलिस अर्नॉल यांच्या पुढाकाराने, ऑगस्ट १९४३ मध्ये वय अठरा केलं. तिथल्या डेमोक्रॅटिक पक्षाची प्राथमिक निवडणूक तेव्हा फक्त गोऱ्यांसाठी होती, त्यामुळे अठराच्या कृष्णवर्णीय मुलाला त्याचा व्यवहारात उपयोग नव्हता. देशभरासाठी हा बदल जुलै १९७१ मध्ये सव्विसाव्या घटनादुरुस्तीने झाला. १९४२ मध्ये जो पंधरा वर्षांचा होता, तो तोवर चव्वेचाळिशीत पोचला होता, आणि त्याच्या पोरांच्या वयाची मुलं व्हिएतनाममध्ये लढत होती.